कर्ता पाचातला एक

सहीसाठी जे पत्र आलं ते माझ्याच नावाने लिहिलेलं होतं. परभणीच्या कृषी विद्यापीठातला निवृत्त ज्वारी पैदासकार अशी माझी ओळख, आणि तिसऱ्या ओळीपासून मी माझ्या एका विद्यार्थिनीबद्दल बोलायला लागलो होतो. तिच्या तोडीची संशोधक मी उभ्या हयातीत पाहिली नाही. ज्वारीवरच्या माव्याच्या बाबतीत तिने एकहाती क्रांती केली. तिच्यावाचून अमेरिकेच्या शेतीचं मोठं नुकसान होईल. इंग्रजी इतकं फर्डं, की ते माझं नाही हे माझ्या ऑफिसातल्या जुन्या कारकुनानेही ओळखलं असतं. खाली सहीपुरती जागा सोडलेली. सोबत तिचा निरोप: सर, वकीलबाईंनी मसुदा केलाय, नजर टाका, सही करून स्कॅन पाठवा, गडबड नाही पण पुढच्या आठवड्यात मिळालं तर बरं होईल.

ती शेजारच्या तालुक्यातली. एम.एस्सी.ला माझ्याकडे होती आणि तिच्या प्रयोगाचा काही भाग पिंगळीतच एका शेतकऱ्याच्या रानात होता. परभणीहून पूर्णेकडे निघालं की पहिलं स्टेशन ते आमचं पिंगळी. काळी भारी जमीन, खरिपात कापूस, सोयाबीन, तूर, रब्बीत ज्वारी आणि हरभरा. विषय होता मावा, म्हणजे आमच्याकडे ज्याच्या उपद्रवाला सरळ चिकटा म्हणतात तो. ही कीड पानाचा रस शोषते, तिची गोड विष्ठा पानावर पसरते, उन्हात पान तेल लावल्यागत चमकतं आणि हात लावला की बोटं चिकटतात. पुढे त्यावर काळी बुरशी चढली की कडब्याला जनावर तोंड लावत नाही. पोरगी सकाळी पॅसेंजरने यायची, एकेका ताटाला एक ते नऊ गुण द्यायची आणि संध्याकाळी चिकट झालेली वही घेऊन परत जायची.

पुढे पीएच.डी.ला ती कॅन्ससला गेली. अमेरिकेत सगळ्यात जास्त ज्वारी पिकते ती त्या राज्यात. २०१३ साली टेक्ससच्या किनाऱ्याकडून हाच मावा तिथल्या ज्वारीवर उतरला आणि काही हंगामांतच राज्यामागून राज्य हवालदिल झालं. त्या किडीचं वागणं आधी डोळ्यांनी पाहिलेली मुलगी तिथे पोचली होती, हा तिचा योग. तिथली ज्वारी माणसं फारशी खात नाहीत. ती जनावरांच्या खाद्याला जाते, इथेनॉलला जाते, जहाजं भरून चीनला जाते. आमच्याकडे भाकरीशिवाय जेवण झालं असं कुणी म्हणत नाही, याचं तिच्या तिथल्या मार्गदर्शकांना नवल वाटलं होतं म्हणे.

आता तिला तिथे कायम राहायचं होतं. ग्रीन कार्डासाठी वकील लावला, त्या वकीलबाईंच्या यादीत साक्षीदार म्हणून माझं नाव गेलं.

नोकरी-धंद्यावरून ग्रीन कार्ड मिळवायचे रस्ते तिथल्या १९९० च्या कायद्याने आखून दिलेत. त्यातल्या एकावर अर्जदार असाधारण क्षमतेचा असावा लागतो. नोबेलसारखं एखादं पारितोषिक असेल तर तेवढं पुरतं. नसेल तर दहा प्रकारच्या पुराव्यांपैकी किमान तीन हवेत. पुरस्कार, निवडक संस्थांचं सदस्यत्व, तुमच्याविषयी छापून आलेलं, दुसऱ्यांच्या कामाचं तुम्ही केलेलं परीक्षण, मोठा पगार, असे ते प्रकार. तीन भरले म्हणून काम झालं असंही नाही. २०१० च्या एका निकालानंतर अधिकारी सगळा ढीग पुन्हा एकत्र तोलतो आणि विचारतो, हा माणूस खरंच वरच्या मोजक्यांतला आहे का? दुसरा रस्ता राष्ट्रहिताचा. एरवी अर्ज नोकरी देणाऱ्याने करायचा असतो आणि या कामाला लायक अमेरिकी माणूस मिळत नाही हे आधी दाखवायचं असतं. तुमचं काम देशाच्याच हिताचं असेल तर ही अट माफ होते, अर्जही स्वतःच करता येतो. डिसेंबर २०१६ मध्ये धनासार नावाच्या एका संशोधकाच्या प्रकरणात तिथल्या अपील कार्यालयाने त्याच्या तीन कसोट्या ठरवल्या. काम मोलाचं आणि देशाच्या पातळीवर महत्त्वाचं आहे का, ते पुढे न्यायला हा माणूस समर्थ आहे का, आणि एकंदरीत पाहता अट माफ करणं देशाच्या फायद्याचं आहे का. वकीलबाईंनी तिच्यासाठी हा दुसरा रस्ता धरला होता. माझ्या मते तोच तिला शोभणारा होता, कारण त्यात पहिला प्रश्न कामाविषयी आहे आणि माणूस दुसऱ्या नंबरला येतो.

तरीही मी सही केली नाही. पत्र तसंच पडू दिलं.

कारण नियमातलं नव्हतं, घरातलं होतं. माझे वडील माळकरी. आमच्या घरी ज्ञानेश्वरीचा तेरावा अध्याय वाचला जायचा तेव्हा मधेमधे थांबून वडील आम्हा पोरांकडे पाहायचे. ज्ञानाची लक्षणं सांगताना गीतेने सगळ्यांत आधी अमानित्व ठेवलंय आणि लगेच पाठोपाठ अदंभित्व. माउली त्यावर विस्ताराने बोलतात. ज्ञानी माणसाला मान अंगावर आला की गुदमरल्यासारखं होतं, आपलं शहाणपण झाकून तो वेडेपण पांघरतो. आणि दंभ नसणं म्हणजे काय, तर तिथे दाखला शेतकऱ्याचा. शेतकरी पेरलेलं बी मातीखाली झाकतो, तसं याने आपलं दान, आपलं पुण्य झाकावं. ज्याने आयुष्यभर बियाण्याचं काम केलं त्याला ही ओवी नुसती ऐकून सोडता येत नाही.

आमच्या धंद्याची रीतही याच वळणाची. हळद्याला दाद न देणारी भेंडी आमच्या विद्यापीठाने रानभेंडीशी संकर करून काढली, तिचं नाव परभणी क्रांती. गावोगाव ज्याची पाकिटं खपली तो कापसाचा वाण नांदेडच्या केंद्रावरचा, शेतकऱ्यांच्या तोंडी तो नांदेड-४४. मालदांडी, म्हणजे एम-३५-१, सोलापूर भागातल्या स्थानिक ज्वारीतून १९३० च्या दशकात मोहोळला निवडली गेली. तिची भाकरी आजही महाराष्ट्र खातो, आणि निवडणारा कोण हे कुणी विचारत नाही. वाणावर गावाचं नाव पडतं, पैदासकाराचं पडत नाही. अशा ठिकाणी हाडं झिजवलेल्या माणसाला ‘एकहाती क्रांती’ या शब्दांखाली सही करायची होती.

मग एके दिवशी तिचाच फोन आला. मी पत्राचं काही बोलण्याआधी तीच म्हणाली, “सर, अर्जाची सगळी फाईल वाचली आणि घाबरायला झालं. ही बाई कोण, मला ओळखायलाच येईना. माणूस गेल्यावर शोकसभेत बोलतात ना, तसं लिहिलंय सगळं.”

मला महाभारत आठवलं. कर्णपर्वात कर्णाच्या बाणांनी घायाळ झालेला युधिष्ठिर छावणीत परततो आणि चिडून अर्जुनाला म्हणतो, तुला जमत नसेल तर तुझं गांडीव दुसऱ्याला दे. गांडीव दुसऱ्याला दे असं जो म्हणेल त्याला मारीन, अशी अर्जुनाची गुप्त प्रतिज्ञा. तो थोरल्या भावावर तलवार उपसतो. कृष्ण तोड काढतो: वडीलधाऱ्याला एकेरीत बोल, त्याचा अपमान कर, वडिलांचा अपमान म्हणजे वधच. अर्जुन तसं करतो आणि लगेच पश्चात्तापाने स्वतःचाच जीव घ्यायला निघतो. त्यावर कृष्ण म्हणतो, मग आता स्वतःची स्तुती कर, ती आत्महत्येच्या जागी धरली जाईल. आणि अर्जुन आपल्या पराक्रमाचे पोवाडे स्वतःच गातो. माझ्या विद्यार्थिनीला फाईल वाचताना शोकसभा दिसली, ती उगीच नाही. आपल्या मुलखात वाढलेल्या माणसाला स्वतःची थोरवी सांगताना काहीतरी मरतंय असं वाटतंच.

पण इथेच माझी अडचण सुरू झाली. अर्जुनाच्या तोंडी जी आत्महत्या ठरली ती दुसऱ्या कुणाच्या तोंडी काय ठरते? संजयाने तेच पराक्रम धृतराष्ट्राला सांगितले, त्याला कुणी दोष देत नाही. ते त्याचं कामच. मौन हे करणाऱ्याचं व्रत आहे, पाहणाऱ्याचं नाही. तेराव्या अध्यायाचा आधार घेऊन मी सही टाळत होतो, पण त्या अध्यायाने साक्षीदाराला कुठे गप्प बसायला सांगितलंय? झाकायचं ते आपलं. दुसऱ्याचं झाकलं तर त्याला नम्रता म्हणत नाहीत.

आणि ज्यांनी झाकायला सांगितलं त्यांचीच गोष्ट बघा. आपल्या परंपरेतला सगळ्यांत गाजलेला अर्ज त्यांचाच. संन्याशाची मुलं म्हणून वाळीत टाकलेली चार भावंडं आळंदीहून पैठणला गेली ती शुद्धिपत्र मागायला. म्हणजे कागद मागायलाच. समाजात राहायची परवानगी, सही-शिक्क्यानिशी. समोर बसलेल्यांनी पुरावा मागितला, आणि मग रेड्याच्या मुखातून वेद वदवल्याची कथा घडली. तिच्या खरेखोटेपणात मी शिरत नाही. सात शतकं ती लोकांनी जपली, एवढं मला पुरे. मला नवल वाटतं ते पुराव्याच्या जातीचं. मी इतरांहून वेगळा आहे, असं ज्ञानदेवांनी कुठे दाखवलं? त्यांनी दाखवलं ते उलटं: माझ्यात जे आहे ते या रेड्यातही आहे. आज अमेरिकेच्या कार्यालयात या पुराव्यावर अर्ज टिकायचा नाही. तिथे वेगळेपण सिद्ध करावं लागतं. पण कागद मागणं हे नम्रतेच्या आड येत नाही, एवढा निवाडा पैठणच्या वाटेवर झालेला आहे. तेरावा अध्याय सांगणारा माणूस त्याआधी एका सभेपुढे अर्जदार म्हणून उभा राहून आला होता.

मग मी वकीलबाईंशीच बोलायचं ठरवलं. त्या मूळच्या बडोद्याच्या, मराठी समजायची, बोलता बोलता हिंदीत शिरायच्या. मी म्हटलं, बाई, यातली विशेषणं माझी नाहीत. त्या हसल्या. “सर, विशेषणं काढा की. अधिकाऱ्याला ती रोज शंभर दिसतात. मसुदा यासाठी दिला, की मुद्दे कुठले लागतात ते तुम्हाला कळावं. खोटं एक वाक्य नको. पण एक सांगते. तुमच्या पिढीचे प्रोफेसर पत्र लिहितात तेव्हा ‘कष्टाळू, सुस्वभावी, वर्तन उत्तम’ एवढ्यावर थांबतात. तिने केलेलं तुम्ही कमी करून सांगितलंत, तर तेही खोटंच ना?”

कमी सांगणं हेही खोटं. वकिलाकडून हे ऐकावं लागेल असं वाटलं नव्हतं. वकील म्हटला की आपल्या मनात वाढवून सांगणाराच येतो. या बाई मला मापात सांगा म्हणत होत्या. त्यांनी आणखी एक समजावलं. या कामात पुराव्याची पट्टी फौजदारी खटल्यासारखी, संशयाला जागाच नको अशी नसते. नसण्यापेक्षा असण्याचा संभव जास्त, एवढं दाखवलं की पुरतं. म्हणूनच नेमका तपशील उपयोगी पडतो आणि स्तुती वाया जाते.

पण त्यांची एक गोष्ट मला पटली नाही. त्या म्हणाल्या, तुमचं पत्र ‘ओळखीच्या माणसाचं’ म्हणून धरलं जाईल. तिला कधीही न भेटलेल्या, नुसतं तिचं काम वाचलेल्या शास्त्रज्ञांची पत्रं जास्त वजनाची. त्यामागचं कारण कळतं. ओळखीचा माणूस माया करतो. परंतु आपल्या न्यायशास्त्राने शब्द हे प्रमाण मानताना कुणाचा शब्द, हा प्रश्न फार बारकाईने सोडवलाय. वात्स्यायनाच्या भाष्यात विश्वास ठेवावा असा माणूस कोण, तर ज्याने ती वस्तू स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगायची ज्याची इच्छा आहे. पुढे तो म्हणतो, हे लक्षण ऋषीला, आर्याला आणि म्लेंच्छाला सारखंच लागू. म्हणजे कुळ, देश, हुद्दा यांना सुट्टी, पण पाहिलेलं असण्याला सुट्टी नाही. असे अर्ज तपासणाऱ्या नेब्रास्कातल्या कार्यालयात दूरच्या माणसाचं वजन जास्त. वात्स्यायनाकडे जवळून पाहिलेल्याचं जास्त, मात्र जसं पाहिलं तसंच सांगण्याची अट त्याने त्याच वाक्यात घातली. मला वाटतं, मायेवरचा इलाज म्हणून अंतर राखणं हा सोपा मार्ग आहे. अवघड मार्ग म्हणजे माया असूनही मापात बोलणं. कार्यालयं सोपा मार्ग घेतात, त्यांचंही खरं आहे. त्यांना लाखो कागद निपटायचे असतात.

तेव्हा मी मापायला बसलो. आणि खरा प्रश्न तेव्हा समोर आला: तिने नेमकं काय केलं?

मसुद्यात म्हटलं होतं की चिकटा न पडणारी ताटं तिने स्वतंत्रपणे शोधली. मी त्या रानात होतो. शेताचे मालक, आम्ही त्यांना आबा म्हणत असू, पहिल्याच दिवशी तिला म्हणाले होते, “बाई, त्या बांधाकडच्या चार तासांत बगा. आमच्या म्हातारीचं बी हाये ते. त्याला चिकटा लागत न्हाई.” तिने बघितलं, आणि चिकटा खरंच कमी होता. मग शोध कुणाचा? आबांचा? आबांनी ते बी केलं नव्हतं, त्यांच्या आईने राखलं होतं. त्या माउलीला मावा माहीतही नसेल. ती कणसं निवडायची ती दाणा टपोरा, कडबा गोड, म्हणून. आणि तिच्याही मागे किती बाया? ज्वारी तर मुळात आपली नव्हेच, ती काही हजार वर्षांपूर्वी आफ्रिकेतून आली. अमेरिकेतही तिथूनच गेली. तिच्याकडे कुणी कागद मागितले नाहीत. पिंगळीतलं ते बी पोरीने नेलं नाही हेही सांगून ठेवतो. तसं नेता येत नाही, २००२ च्या जैवविविधता कायद्याने त्यावर बंधनं आहेत. तिने नेली ती नजर. आणि ती नजर तरी एकटीची कशी म्हणायची?

असं मागे मागे जात राहिलं की ‘तिने केलं’ हे वाक्यच उरत नाही. अनेक कीर्तनकार इथेच थांबतात आणि टाळ्या घेतात: करणारा तो, आपण कोण! मला हे थांबणं लबाडीचं वाटतं. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणं मोजून दिलीत. अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी साधनं, निरनिराळे खटाटोप आणि पाचवं दैव. जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो त्याला पुढे लगेच दुर्मती म्हटलंय. तेवढंच आपल्या लक्षात राहतं. पण यादी नीट वाचा. कर्ता यादीत आहे. पाचातला एक आहे, शून्य नाही. ज्याने आयुष्यभर प्रयोगाचे वाफे आखले त्याला हे श्लोक घरचेच वाटतील. रान, पैदासकार, अवजारं, निंदणी-खुरपणीपासून नोंदीपर्यंतची मेहनत आणि पाऊस. यातलं एक काढलं तरी वाण निघत नाही. पैदासकार काढला तरी निघत नाही. आबांच्या घरी ते बी तीन पिढ्या होतं. बांधाकडच्या त्या चार तासांच्या पलीकडे गेलं नव्हतं.

तेव्हा तिचा वाटा सांगता येतो. आबांच्या सांगण्यावर तिने विश्वास ठेवला, पण तेवढ्यावर थांबली नाही. शेजारच्या ओळींतही ते बी आणि बाकीचे वाण पुनःपुन्हा, जागा बदलून पेरले, माव्याची पिलावळ मोजली, आणि हा गुण बांधाच्या वाऱ्याचा नसून बियाचाच आहे हे दाखवलं. माझी स्वतःची समजूत उलट होती, हे तिला माहीत असूनही तिने आकडे माझ्यापुढे ठेवले. पुढे कॅन्ससला तिने दुसऱ्याच वाणांवर काम केलं. ते मी पाहिलेलं नाही, फक्त वाचलंय. पत्रात मी तसंच लिहिलं: हे पाहिलं, हे वाचलं. आबांचा उल्लेख केला, त्यांच्या आईचाही. ‘एकहाती’ आणि ‘क्रांती’ दोन्ही गेले. राष्ट्रहिताचा परिच्छेद मी पूर्ण काढला. अमेरिकेचं हित कशात आहे हे पिंगळीत बसून मी कोणत्या तोंडाने सांगणार? एवढंच लिहिलं की ही कीड मी तीस वर्षं पाहिली आहे, ती एकदा आली की जात नाही, आणि तिच्याशी झगडायला जी चिकाटी लागते ती या मुलीत मी बघितली आहे.

वकीलबाईंचा फोन आला. मला वाटलं त्या आबांना काढायला सांगणार. त्या म्हणाल्या, “आबा राहू द्या. त्यांच्या सांगण्यावरून तिने पुढे काय केलं हे तुम्ही लिहिलंत ना, तेच मला हवं होतं. फक्त त्यांना दुसऱ्या परिच्छेदात घ्या, पहिल्यात ती पाहिजे.” एवढी तडजोड मी केली. परिच्छेदाच्या क्रमाने सत्य बदलत नाही, असं माझं मत आहे. याच्याशी वाद घालणारे भेटतील.

सही करताना मात्र आमच्या गंगाखेडची जनाबाई मनात होती. मान नको म्हणणाऱ्या त्या सगळ्या संतमंडळींनी आपल्या रचनांत नाव घातलंच आहे, तिनेही दासी जनी म्हणून घातलं. त्याला कुणी गर्व म्हटलं नाही. नाव घातलं की शब्दाची जबाबदारी कुणाची ते कळतं, आणि वाटलं तर त्या माणसाला गाठून विचारता येतं. शिफारसपत्राखालच्या सहीचाही अर्थ मला तेवढाच वाटतो. अधिकाऱ्याने उद्या पिंगळीला फोन लावला, तर पत्रातल्या कुठल्याही वाक्याबद्दल मला उत्तर देता आलं पाहिजे. मसुद्यातल्या अर्ध्या वाक्यांबद्दल ते आलं नसतं.

अशा अर्जात दाखवायचं तरी काय, याचा एक जुना मराठी नमुनाही आहे. १८८३ साली अमेरिकेला वैद्यकी शिकायला निघण्याआधी आनंदीबाई जोशी श्रीरामपूरच्या, म्हणजे बंगालमधल्या सेरामपूरच्या, कॉलेजात लोकांपुढे उभ्या राहिल्या. आपण का जातोय ते त्यांनी जाहीर भाषणात सांगितलं. वय अठराच्या आतबाहेर. मी किती हुशार आहे, हा त्या भाषणाचा मुद्दाच नव्हता. या देशातल्या बायकांना बायकाच डॉक्टर म्हणून हव्यात, त्या इथे नाहीत, आणि हे शिक्षण मला इथे राहून घेता येत नाही, हा होता. १८८६ मध्ये त्या पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेऊन बाहेर पडल्या. २०१६ च्या त्या तीन कसोट्या वाचताना मला हे भाषण आठवत राहिलं. काम आधी, आपण नंतर. फरक इतकाच, की आनंदीबाईंना परत यायचं होतं आणि आमच्या मुलीला राहायचं आहे. त्यावरून तिला बोल लावणारे परभणीत पुष्कळ आहेत. सरकारी पैशावर शिकली आणि तिकडचं भलं करते, असं म्हणतात. मला तो हिशेब लावावासा वाटत नाही. ज्वारीने कधी लावला नाही.

माझ्या सहकाऱ्यांना, विशेषतः निवृत्तांना, एक विनंती करतो. अशी पत्रं तुमच्याकडेही येत असतील. आलं तसं सही करून पाठवू नका, आणि आपल्याला हे पटत नाही म्हणून पडूही देऊ नका. बसा, स्वतः लिहा. इंग्रजी मोडकं असलं तर वकील दुरुस्त करतो, त्याचे तो पैसे घेतो. पाहिलं ते पाहिलं म्हणून लिहा, ऐकलं ते ऐकलं म्हणून.

तिचा आय-वन-फॉर्टी, म्हणजे तो राष्ट्रहिताचा अर्ज, मंजूर झाला. अर्ज फेटाळला तर कारणं देतात, मंजूर केला तर कारण देत नाहीत, तेव्हा कुठल्या पत्राने काय केलं ते कळायला मार्ग नाही. आणि मंजुरी म्हणजे ग्रीन कार्ड नव्हे. नोकरीवरची कार्डं वर्षाला साधारण १,४०,००० आणि कुठल्याही एका देशाला त्यातला सात टक्क्यांच्या आसपास वाटा, त्यामुळे भारतात जन्मलेल्यांची तिच्या वर्गातली रांग दहा वर्षांहून लांब आहे. ती दर महिन्याला व्हिसा बुलेटिन बघते. त्यातली रांगेची तारीख कधी पुढे सरकते, कधी मागेही येते.